हाकेचा दगड

रविवारी सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन या वेळात पळसदऱ्याच्या माळावर सत्तावीस मोटारसायकली, सहा चारचाकी आणि लातूरच्या एका शिकवणीची मिनीबस एवढी वाहनं आली. माणसं एकशे एकवीस. त्यांतल्या चौऱ्याण्णव जणांनी नव्या स्टीलच्या कठड्याला टेकून, समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली. एकोणतीस जणांनी स्वतःचं नाव घेतलं, अकरा जणांनी दुसऱ्या कुणाचं तरी घेतलं आणि घेऊन लाजले, मिनीबसमधल्या एका मुलीनं जीवशास्त्राच्या पुस्तकाला शिवी हासडली, बाकीच्यांनी नुसतं 'ओऽऽ' केलं. कड्याकडून ओळखू येईल असं उत्तर एकालाही मिळालं नाही.

ही मोजणी पंचशीलाची होती. नांदेडच्या कॉलेजातून ती भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती. निकालानंतर ती गावी परतली आणि ग्रामपंचायतीच्या पर्यटन समितीनं तिला गाईड म्हणून नेमलं, त्याला आता वीस दिवस झाले होते. गाईडचं काम सोपं होतं. पाहुण्यांना कठड्यापाशी न्यायचं, "हाच आमचा बोलका कडा, इथून मारलेली हाक तीनदा परत येते" असं सांगायचं आणि मागं सरायचं. वीस दिवस ती मागं सरत होती आणि वीस दिवस तिच्याकडे वळून लोक विचारत होते, "कुठं येते हो?"

पळसदरा कंधार तालुक्यात, बालाघाटाच्या एका वळणात वर चढून वसलेलं गाव. पावसाळा सरल्यावर दोन-अडीच महिने डोंगर असा हिरवा दिसतो की खालच्या गावांतली माणसंही मुद्दाम गाडी काढून वर येतात. सीताफळं पिकलेली असतात, दरीत पाणी वाजत असतं. गावासमोर दरीपलीकडे काळ्या दगडाचा उभा कडा आहे, मधोमध सुपासारखा आत वळलेला. सरपंच व्यंकट यांनी पर्यटनाच्या योजनेसाठी अर्ज भरला तेव्हा 'स्थळाचे वैशिष्ट्य' या रकान्यात लहानपणापासून ऐकलं होतं तेच लिहिलं: येथील कडा हाक तीन वेळा परत देतो. अर्ज मंजूर झाला. माळावर फरशी आली, कठडा आला, तीन सिमेंटची बाकं आली आणि 'इथे हाक मारा' अशी निळी पाटी आली. येत्या रविवारी उद्घाटन होतं. जिल्ह्याचे साहेब येणार होते आणि पहिली हाक त्यांच्या तोंडून निघणार होती.

"अन् डोंगूर गप बसला तर?" केवळाबाई म्हणाल्या. त्या सरपंचांच्या आई. माळाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं हॉटेल होतं. चहा, भजे आणि सकाळच्या वेळी मुरमुऱ्यांची सुशीला मिळायची. "काल एक बाप्या भजे खाऊन म्हनला, आज्जे, भजे लई झाक, पर तुमचा डोंगूर मुका हाय."

"मुका न्हाई माय, वाऱ्यानं व्हतंय," व्यंकट म्हणाले.

"वीस दिस एकच वारा हाय व्हय रे?"

पंचशीला हसली नाही. तिलाही हाच प्रश्न पडला होता. तिनं कंधारच्या बाजारातून शंभर फुग्यांचं पाकीट आणलं. फुगा फुटतो तेव्हा आवाज प्रत्येक वेळी जवळपास सारखाच होतो, माणसाच्या हाकेसारखा कमी-जास्त होत नाही. फोनवर रेकॉर्डिंग लावायचं, फुगा फोडायचा आणि पडद्यावर उमटलेली रेघ बघायची. फुटल्याचं एक उंच शिखर असायचंच. त्यानंतर दुसरं शिखर आलं तर समजायचं, कड्यानं उत्तर दिलं. सोमवार, मंगळवार आणि बुधवार तिनं कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग कठडा सोडून माळाच्या काठाकाठानं, दर वीस पावलांवर दोन दोन फुगे फोडले. लहान मुलं दुसऱ्या दिवशी कंटाळून निघून गेली. म्हशी राहिल्या.

बत्तीस जागा झाल्या. रेघ प्रत्येक वेळी एकदाच उंच उठायची आणि मग थरथरत खाली बसायची. बुधवारी दुपारी ती फरशीवर मांडी घालून बसली आणि वहीत माळाचा नकाशा काढला. कडा कुठं, माळ कुठं, मधली दरी कुठं. कड्याचं तोंड माळाकडे नव्हतंच, ते तिरकं होतं. माळावरून गेलेला आवाज कड्यावर आपटून दरीच्या खालच्या अंगाला निघून जाणार, हाक मारणाऱ्याकडे यायचा नाही. पण उलट बाजूनं विचार केला तर, दुसऱ्या एखाद्या जागेवरून मारलेली हाक कड्यावर आपटून नेमकी माळावर यावी, असं व्हायला काहीच हरकत नव्हती.

ती उठून हॉटेलात गेली. व्यंकट आईसमोर बसून चहा पीत होते.

"दादा, ही जागा इंजिनिअरला कुणी दाखवली?"

"म्या दाखवली. का?"

"तुम्हाला कुणी दाखवली?"

"आमच्या बाबानं. अगं, इथं आमचं खळं व्हतं. आज्जा इथंच बसायचा बाजंवर. बाबा सांगायचे, इथं बसलं की हाक कानात यायची, एकदा, दोनदा, तीनदा. सगळा माळ घुमायचा म्हनं."

"इथं *ऐकू* यायची."

"हाव की. तेच तर."

"मग *मारायचं* कोण? आणि कुठून?"

व्यंकटांनी कप खाली ठेवला. त्यांना एकदम काहीतरी आठवलं किंवा एकदम काहीतरी कळलं, यातलं काय ते पंचशीलाला सांगता आलं नसतं. ते कढईकडे बघू लागले. केवळाबाईंनी झारा थांबवला.

"सांग की तिला," त्या म्हणाल्या. मग त्यांनीच सांगितलं. "तुझा पणजा मारायचा, पोरी. गावकीची हाक. शेतसारा वसूल कधी हाय, कुणी मेलं, कुणी कामाला यायचं, समदं तोच वरून ओरडून सांगायचा. माझ्या सासूनं सांगितलेलं. म्या काय ऐकली न्हाई, मी ह्या घरात यायच्या लई आधी बंद झाली. तुमी लोकांनी धर्म बदलला तवाच."

"वरून म्हणजे कुठून?"

"आता कोन सांगनार? एक दगड व्हता म्हनं. हाकेचा दगड. आमच्यातलं कोन कशाला जाईल तिथं? आमी खाली बसून ऐकनारे."

चूक किती साधी होती ते पंचशीलाला दिसत होतं. सरपंचांच्या घराण्यानं तीन पिढ्या ऐकण्याची जागा लक्षात ठेवली होती, हाक मारण्याची जागा त्यांना कधी ठाऊकच नव्हती. साडेअकरा मीटरचा कठडा त्या न ठाऊक असलेल्या जागेपासून कुठंतरी दूर, चुकीच्या तोंडानं उभा होता.

"ग्यानोबा मामाला मालूम असंल," व्यंकट हळूच म्हणाले.

ग्यानोबा म्हणजे पंचशीलाचे आजोबा, तिचे आबा. सत्त्याहत्तर वर्षांचे होते, तीन शेळ्या सांभाळायचे आणि रोजचा पेपर शेवटच्या पानापासून वाचायचे. त्यांनी तिला शेताचा बांध दाखवला होता, विहिरीतला जुना पाझर दाखवला होता, गावात पहिल्यांदा वीज आली तो खांबही दाखवला होता. दगडाबद्दल एक शब्द कधी बोलले नव्हते.

त्या संध्याकाळी तिनं विचारलं. आबा शेळीला पाला टाकत होते.

"कुनी सांगितलं तुला दगडाचं?"

"केवळामावशीनं."

"ती चांगली हाय. तिला काय ठावं." त्यांनी पाला टाकून हात झटकले. "बस."

आणि मग त्यांनी सांगितलं, पेपरातली बातमी वाचून दाखवावी तसं. त्यांचे वडील सटवाजी रोज पहाटे घोंगडी पांघरून, घुंगराची काठी घेऊन दगडावर चढायचे. हाक खाली खळ्यावर पोचली की पाटील बाजेवरून हात वर करायचा. हात वर झाला की उतरायचं. एकदा सटवाजींना ताप होता. उठवेना. आबा तेव्हा आठ वर्षांचे. ते गेले.

"पोराचा आवाज तो. बारीक. पाटील हात वर करंना. पुन्हा ओरडलो. करंना. म्या मोजत व्हतो, तुझ्यासारखं. एकवीस झाले. एकविसाव्याला घसा फाटला, तोंडात खारट लागलं. मग हात वर झाला. आता मला सांग, एकविसावी तरी त्याला आली असंल का? आवाजच न्हवता निघाला."

"पाटील म्हणजे व्यंकटदादाचे..."

"आजा. पुढच्या साली आमच्या बापानं दीक्षा घेतली. गावात परत आला अन् मला घेऊन दगडावर गेला. मला वाटलं, आता काय? तर तिथं बसून आमी दोघांनी भाकर खाल्ली. ठेचा व्हता. खाऊन झाल्यावर बाप म्हनला, ग्यानबा, आपल्या घरचं कुनी आता हितून आवाज काढनार न्हाई. कुनासाठीबी. बस. ईस मिनटं बसलो असू. उतरलो."

विचारायचं होतं ते सगळं पंचशीलाच्या मनात रांग लावून उभं होतं: दगड किती उंचीवर, तोंड कोणत्या दिशेला, कड्यापासून अंतर किती. तिनं ती रांग तिथंच थांबवली आणि चुलीवर चहा ठेवला.

गुरुवारी सकाळी व्यंकट घरी आले. सोबत केवळाबाई होत्या, हातात कागदात बांधलेले भजे. व्यंकटांनी रात्रभर विचार केलेला दिसत होता आणि विचार करताना माणूस कधी कधी नको तिकडेच भरकटतो.

"मामा, रविवारी इज्जतीचा सवाल हाय. गावाच्या. तुमी फकस्त दगड दाखवा. अन्..." ते जरा पुढं सरकले, उत्साहानं. "मी म्हनतो, साहेबांसमोर जुन्या पद्धतीनं एक हाक तुमचीच झाली तर? फेटा, घोंगडी, ती घुंगराची काठी. लोक लई मानतील. व्हिडिओ निघंल. तुमचं नाव व्हईल, मामा."

आबा उठले, कोपऱ्यातली बादली घेतली आणि शेळ्यांना पाणी दाखवायला बाहेर गेले.

"दादा," पंचशीला म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःला वेगळा वाटला. "घोंगडी तुम्ही पांघरा की. तुम्हाला शोभंल."

"अगं, मी मानानंच..."

"उठ," केवळाबाई लेकाला म्हणाल्या. "सरपंच झाला पर अक्कल यायची ऱ्हायली. म्हाताऱ्याला तमाशात उभा करतो व्हय? उठ म्हनते ना." आणि दारातून जाताना त्या पंचशीलाच्या हातात भजे ठेवून गेल्या. "त्याला दे. मऊ तळलेत. दात न्हाईत त्याला."

त्या दिवशी पंचशीलानं माळावर उरलेले फुगे फोडले नाहीत. ती घरीच राहिली. गाईडचं काम सोडावं, असं तिनं ठरवलं आणि ते कागदावर लिहायलाही बसली. 'वैयक्तिक कारणास्तव' इथपर्यंत लिहून झालं होतं. हे कारण वैयक्तिक आहे का, याचा तिला नीट विचार करायचा होता. तिला ते तसं वाटत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सात वाजता आबांनी कोयता घेतला आणि तिच्या खाटेशी येऊन उभे राहिले.

"चल."

"कुठं?"

"तीन दिस तू फुगे फोडून राहिलीस. म्या इथून बघत व्हतो. समदं चुकीच्या जागी. पोरगी एवढं शास्त्र शिकली अन् चुकीच्या जागी उभी ऱ्हाऊन मोजून राहिली, हे बघवंना मला."

"आबा, नको. मी काम सोडतेय."

"सोड न्हाई तर धर. पर चुकीचं मोजू नको." ते चालू लागले. दारात वळून म्हणाले, "जागा दाखवतो. आवाज आपल्या घरचा न्हाई निघायचा, एवढं ध्यानात ठेव."

वाट अशी उरलेलीच नव्हती. घाणेरीच्या जाळ्या माणसापेक्षा उंच वाढल्या होत्या. आबा दहा पावलं तोडायचे, थांबून दम घ्यायचे, पुन्हा तोडायचे. कोयता मागूनही त्यांनी दिला नाही. पंचशीला मागं चालत पावलं मोजत होती. माळाच्या टोकापासून तीनशे दहा पावलं वर आणि डावीकडे गेल्यावर आबा एका झुडपापाशी थांबले, कोयत्याच्या पाठीनं पाला बाजूला केला आणि म्हणाले, "हे बघ."

दगड काही मोठा नव्हता. गुडघाभर उंच, वरून सपाट, दोन माणसं शेजारी बसतील एवढा. पण त्याच्यावर उभं राहिलं की कडा बरोबर समोर यायचा. सुपासारखा वळलेला भाग पूर्ण उघडा दिसायचा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना पुढं आलेले आणखी दोन काळे पाखे. माळावरून ते कड्यापासून वेगळे कळतच नव्हते. तीन उभ्या भिंती, तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर. हाक तीनदा का परत येत असेल ते पंचशीलाला एका क्षणात कळलं, आणि कळल्याबरोबर तिच्या घशात आवाज आला. आता तोंड उघडायचं, एवढंच उरलं होतं. नुसतं 'ओ'. एक टाळी सुद्धा पुरली असती.

आबा खाली बसून पायातला काटा काढत होते. तिच्याकडे बघतही नव्हते.

टाळी म्हणजे आवाजच. फुगाही आवाजच. फोडणारा हात आपल्याच घरचा. तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळले आणि दगडावरून खाली उतरली.

"मोज की," आबा म्हणाले.

"मोजायला कुणीतरी दुसरं लागेल."

आबांनी काटा बोटांच्या चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि टाकून दिला. मग बराच वेळ त्यांनी कड्याकडे पाहिलं. "बोलाव त्याला," ते म्हणाले. "व्यंकटला. तुझ्या फोनवरून. अन् ये म्हनावं कागद घेऊन."

व्यंकट पाऊण तासानं आले, शर्ट घाणेरीच्या काट्यांनी ओढलेला, चेहरा घामानं भिजलेला. आल्या आल्या त्यांनी दगड पाहिला आणि मग आबांकडे पाहिलं, आणि हात जोडले.

"कालचं मनात धरू नका, मामा. चुकलो."

"धरलं असतं तर बोलावलं असतं का? बस. लिही." आबा बोलत गेले आणि व्यंकट गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत गेले, शाळेतल्या पोरासारखे. जो हाक मारायला येईल त्यानं आपल्या पायानं इथवर चढावं. आपल्या तोंडानं मारावी. हाक मारायला गावानं कुणालाही नेमायचं नाही, पैसे देऊनही नाही. घोंगडी, काठी, फेटा असलं काही इथं आणायचं नाही.

"ठरावात घालतो. उद्याच सभा लावतो," व्यंकट म्हणाले. "पर मामा, साहेब इथवर चढतील का?"

"मी सत्त्याहत्तरचा चढलो."

"अन् तो कठडा? एवढा खर्च करून..."

"कठडा तिथंच असू द्या की," पंचशीला म्हणाली. "एक गट वर हाक मारील, एक गट खाली बसून ऐकेल. मग जागा बदलतील. खाली बसायला बाकं आहेतच. तिथं थेट हाक पण पोचते, कड्याची पण. नुसती पाटी बदलावी लागेल."

व्यंकटांना हे एकदम पटलं. एवढं पटलं की ते उठून उभेच राहिले. "मग आता एक हाक मारून बघू? मारतो मी. मारू?"

"थांब," आबा म्हणाले. "मला आधी खाली जाऊ दे."

"खाली कशाला, मामा? इथंच ऐका की."

"हितली ऐकलीया मी." त्यांनी कोयता पंचशीलाच्या हातात दिला. "खालची कधीच न्हाई ऐकली."

उतरायला त्यांना पस्तीस मिनिटं लागली. वरून ते दिसत होते, घाणेरीतून बाहेर आलेले, माळावरून सरळ रेषेत चालत गेलेले, आणि मग मधल्या बाकावर बसलेले. केवळाबाई शेडमधून बाहेर आल्या, त्यांच्या हातात पेला दिला आणि आत न जाता तिथंच, दुसऱ्या बाकावर टेकल्या. खालचा फोन केवळाबाईंचाच होता. पंचशीलानं नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बसलो गं," फोनमधून आबांचा आवाज आला.

"आबा, कितीदा ऐकू येतं ते मोजा. आणि फोन बंद करते आता, नाहीतर फोनमधलं ऐकू येईल. झालं की तुम्ही लावा."

तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं. हवेचं तापमान सव्वीस अंश. वारा मंद, दरीकडून. व्यंकट दगडावर चढले. उभे राहिल्यावर त्यांना आपल्या हातांचं काय करावं ते सुचेना. त्यांनी ते आधी कमरेवर ठेवले, मग खाली सोडले.

"काय ओरडू?"

"काहीपण. छोटं हवं, नाहीतर परत येणारा आवाज तुमच्याच आवाजात मिसळतो."

व्यंकटांनी घसा खाकरला. सरपंच म्हणून ग्रामसभेत ते माईकशिवाय बोलायचे आणि शेवटच्या रांगेला ऐकू जायचं. आता त्यांच्या तोंडून जे निघालं ते शेजारच्या घरात साखर मागावी एवढंच होतं.

"मामा."

दोघं थांबले. काही आलं नाही. थोड्या वेळानं फोन वाजला.

"न्हाई पोचला," आबा म्हणाले. पंचशीलाला एकवीस हा आकडा आठवला होता आणि व्यंकटांना तो माहीत नव्हता. फोनवर मागं केवळाबाईंचं काहीतरी चाललं होतं, "त्याला म्हनावं जेवलास न्हाईस का" वगैरे. मग आबांचा आवाज पुन्हा आला, सावकाश. "व्यंकट, घाई करू नको. आधी पानी पी. पाय जरा फाकवून उभा ऱ्हा, दगडाच्या डाव्या अंगाला. छातीतून काढ. घशातून काढू नको, घसा फाटतो. न्हाई जमलं तर उतर, काय बिघडत न्हाई."

व्यंकटांनी पंचशीलाच्या बाटलीतून पाणी प्यायलं. तोंड पुसलं. दगडाच्या डाव्या अंगाला सरकले, पाय फाकवले. तिथं दगड थोडा खोलगट झिजलेला होता, दोन ठिकाणी, पावलांच्या अंतरावर. त्यांनी खाली पाहिलं आणि क्षणभर पाय उचलून घेतले. मग पुन्हा तिथंच ठेवले.

खाली माळावर बाकावर एक पांढरी टोपी दिसत होती. व्यंकटांनी तिच्याकडे पाहून छातीत हवा भरली.

"मामाऽ!"

पंचशीलाच्या फोनवर हाकेनंतर तीन शिखरं उमटली: १.३१ सेकंदांवर, २.०४ सेकंदांवर आणि ३.१२ सेकंदांवर. त्यावरून दगडापासून पहिल्या पाख्याचं अंतर दोनशे सत्तावीस मीटर. दोन मिनिटांनी खालून फोन आला. आबांनी मोजलं होतं. थेट आलेली एक, कड्याकडून आलेल्या तीन. एकूण चार.